उभी बाटली, आडवी बाटली

महाराष्ट्रात दारूच्या बाटलीच्या दोनच अवस्था सर्वांना ठाऊक आहेत. एक उभी आणि दुसरी आडवी. २००८ सालच्या शासकीय आदेशानुसार, गावातल्या किंवा प्रभागातल्या दारूच्या दुकानाबाबत महिलांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभ्या आणि आडव्या बाटलीची चित्रे असतात. आडवीला निम्म्याहून अधिक मतदारांची मते पडली की दुकान बंद. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावी अशी ही लिपी आहे आणि तिच्यामागे किती संसारांचे अनुभव उभे आहेत, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

गंमत अशी, की बाटली उभी ठेवावी की आडवी, हा प्रश्न वाइनच्या जुन्या तळघरांतही तितक्याच गांभीर्याने विचारला जातो. विशेषतः बाटली मोठी असेल तेव्हा. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची. तिच्या दुप्पट ती मॅग्नम. शॅम्पेनच्या प्रांतात तीन लिटरची जेरोबोम, सहाची मेथुसेला, नऊची साल्मनाझार, बाराची बाल्थाझार आणि पंधराची नेबुकदनेझर. बहुतेक नावे बायबलमधल्या राजांची आणि कुलपुरुषांची. राजाच्या नावाची बाटली म्हटल्यावर दिमाख आलाच. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतून आणि समारंभांतून आता आपल्याकडेही हा दिमाख डोकावू लागला आहे.

मस्तगडाच्या बुरुजांखाली राहणाऱ्याने ही उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. कारण द्राक्ष आमच्याही दारी आले आहे. जालना तालुक्यातले कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांच्या बळावर द्राक्षांचे गाव झाले. ती द्राक्षे खाण्याची, हे खरे. पण राज्याचा विचार केला तर चित्र वेगळे दिसते. नारायणगावला १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने फेसाळ वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी पाठवली. पुढे नाशिक परिसरात कारखाने उभे राहिले. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि केवढा गदारोळ उठला! या सगळ्या चर्चेत महसूल होता, शेतकरी होता, संस्कृती होती. पण बाटली उघडल्यावर माणसाने कसे वागावे, हा मुद्दा कुठेच नव्हता. माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे आणि मोठी बाटली तो चांगला शिकवते.

तिची रीत पाहा. जुन्या तांबड्या वाइनची मोठी बाटली बूच ओले राहावे म्हणून वर्षानुवर्षे आडवी असते. समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी ती उभी करायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ऐन वेळी आठवण झाली तर उपयोग नाही. तिचे तोंड रुंद, बूच जाड आणि जुने. नेहमीच्या बूचकाढण्याचे मळसूत्र त्याला पुरत नाही, बूच मधेच तुटते. म्हणून दोन पात्यांचा चिमटा बुचाच्या कडेने हळूहळू आत सारतात आणि पिळत पिळत वर काढतात. भुगा पडलाच तर मलमलीतून गाळतात. मग यजमानाने आधी चाखायचे, कारण बूच बिघडले असेल तर एक नव्हे, वीस बाटल्यांचा माल वाया गेलेला असतो. ओतताना दोघे लागतात, नाहीतर लाकडी पाळणा. बाटली अलगद कलती करायची आणि हिसका न देता जगांमध्ये काढून घ्यायची. पुन्हा सरळ केली की बसलेला गाळ ढवळतो. फेसाळ वाइनचे तंत्र निराळे. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक. बाटली बर्फात तासन्‌तास ठेवायची, तोंड माणसांपासून दूर, बुचावर हात घट्ट आणि फिरवायची ती बाटली, बूच नव्हे. बूच उडाल्याचा आवाज हा तिथे फुशारकीचा नव्हे, अडाणीपणाचा पुरावा मानतात.

आपण मात्र नेमका तो आवाजच उचलला. १९६७ साली ल मान्सची शर्यत जिंकल्यावर डॅन गर्नी या अमेरिकी चालकाने शॅम्पेन भोवतालच्या लोकांवर उडवली आणि जगभर तो विजयाचा शिरस्ता झाला. दूरचित्रवाणीने तो घरोघर पोहोचवला. बाटलीतली वस्तू पिण्यासाठी असते, वाढण्यासाठी असते, हे त्यात हरवले.

वास्तविक मोठ्या भांड्यातून वाढण्याची शिस्त आपल्याला नवी नाही. सप्ताहाच्या महाप्रसादाची कढई आठवा. माणसे किती येणार याचा अंदाज आधी, चूल त्यानंतर. वाढप्यांची नेमणूक ठरलेली, पंगतीचा क्रम ठरलेला, यजमान शेवटी जेवणार. पंधरा लिटरच्या बाटलीतून १२५ मिलिलिटरचे १२० पेले निघतात. उघडल्यावर ती ठेवता येत नाही. म्हणजे तिलाही शंभरावर माणसांची पंगत लागते. ती खिशात मावत नाही, मोरीत लपत नाही, एकट्याने संपत नाही. आपल्याकडच्या पिण्याचे खरे माप आहे १८० मिलिलिटरची ‘क्वार्टर’. आडोशाला, घाईघाईत, उपाशीपोटी आणि घरी कळू नये अशा बेताने. आडव्या बाटलीवर शिक्का मारणारी बाई या क्वार्टरविरुद्ध मत देते, आणि ते मत योग्यच आहे.

याचा अर्थ वाइन म्हणजे सरबत असे मी म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यांनी थोडे गणित करावे. तेरा टक्क्यांच्या वाइनच्या एका १२५ मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे तेरा ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे दहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले, की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे विक्रेत्याचे वाक्य आहे, ते शेतकऱ्याच्या नावावर खपवू नये. आणि ‘मोठी बाटली म्हणजे मोठी मजा’ हेही तितकेच खोटे. मोठ्या बाटलीचे मोठेपण एवढेच, की ती एकेकाच्या वाट्याला एकच पेला येईल इतकी माणसे मागते आणि सर्वांच्या देखत उघडावी लागते.

म्हणून एखाद्या समारंभात ती आणण्याचा बेत असेल, तर किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पाहुणे किती आणि त्यांपैकी पिणारे किती? गाडी चालवत परतणारे कोण? आणि घरातल्या बायका त्याच मांडवात, त्याच वेळी, निर्धास्तपणे बसू शकतील काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर दोन दिवस आधी बाटली खुशाल उभी करावी. उत्तर द्यायला जीभ अडखळत असेल, तर ती आडवीच असलेली बरी.