नकाशा एक, परीक्षा दुसऱ्याचीच

एअरबसच्या ए-३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग. हॅम्बुर्गला संगणकीय आराखड्याच्या प्रणालीची जुनी आवृत्ती, तुलूझला नवी. जोडणीत तारा आखूड पडल्या. २००६ मध्ये हे चव्हाट्यावर आले. विमाने रखडली, त्यात घसरत्या डॉलरचे निमित्त, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये १०,००० नोकऱ्यांवर कुऱ्हाड!

बंधूंनो, बोगी फ्रेमचा आराखडा आज संगणकावर होतो, मजबुतीची परीक्षाही तिथेच. आराखड्यात ब्रॅकेटची जाडी बदलली आणि परीक्षेच्या नमुन्यात जुनीच राहिली, तर पास झाली ती भलतीच फ्रेम. तडा गेला की चार्जशीट मात्र वेल्डरला! दोन्हीकडे एकच माहिती पोचावी म्हणून १९९४ पासून आयएसओ १०३०३ हे मानक आहे. आमची मागणी एवढीच : चौकशीत वेल्डरच्या आधी दोन्ही संगणकांतले आवृत्ती क्रमांक तपासा.