पंधरा वर्षांचा दाखला

महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीची जाहिरात निघाली की तिच्या अटींच्या दाटीत एक कलम आमच्या सीमाभागातील तरुणांसाठी असते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांस अर्ज करता येईल. मात्र तेथे पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा, सक्षम प्राधिकाऱ्याचा, विहित नमुन्यातील दाखला त्यांनी सादर केला पाहिजे. या कलमाचा पूर्वार्ध वाचून घरोघरी समाधान वाटते, आणि ते रास्तच आहे. परंतु उत्तरार्ध कोणी नीट वाचत नाही, आणि आमची मुले अडतात ती तेथेच.

गेल्या पंधरवड्यात खानापूर तालुक्यातील एक तरुण आमच्या कचेरीत येऊन बसला. लेखी परीक्षेच्या यादीत त्याचे नाव होते; कागदपत्रांच्या पडताळणीत ते गळाले. कारणे तीन. वास्तव्याचा दाखला कन्नडमध्ये होता, आणि तोही नेहमीच्या साध्या नमुन्यात. त्यावरील तारीख अर्जाच्या अंतिम मुदतीनंतरची होती. तिसरे कारण ऐकून आम्हांस हसावे की रडावे ते कळेना. मुलाचे नाव ज्ञानेश्वर. कन्नड वळणाने रोमन लिपीत लिहिले की त्याचे आद्याक्षर 'जे' होते, मराठी वळणाने लिहिले की 'डी' होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पदवीच्या प्रमाणपत्रावर दुसरे! माउलींचे नाव धारण करणारा हा मुलगा एकच की दोन, असा प्रश्न टेबलापलीकडील कारकुनास पडला. त्या कारकुनास आम्ही दोष देत नाही. त्याच्यापुढे माणूस नसतो, कागद असतात.

पण ते कागद असे का झाले, हे त्यास कोणी सांगावयाचे? या मुलाच्या आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुंबई राज्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी घर न हलता राज्य बदलले आणि वडिलांचा जन्म म्हैसूर राज्यात नोंदला गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे नावही सरकारदरबारी पालटले. म्हणून मुलाच्या जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्यांवर बेळगावी. तीन पिढ्या एकाच चुलीवर जेवल्या, पण त्यांचे पत्ते मात्र जुळत नाहीत.

आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, ज्या गावावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्या गावी आपण राहतो याचा पुरावा तो दावाच अमान्य असणाऱ्या सरकारच्या कचेरीतून आणावा लागतो. नाडकचेरीत गेलेल्या मुलास महाराष्ट्राचा विहित नमुना पुढे करण्याचाच संकोच वाटतो, आणि तो निमूटपणे जो मिळेल तो दाखला घेऊन परततो. आधारपत्र आहे की, असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, आधार क्रमांक हा अधिवासाचा पुरावा नव्हे, असे २०१६ च्या त्या कायद्यातच लिहिले आहे.

तेव्हा जाहिरातीची वाट पाहत बसणे सोडावे. गावाचे नाव ८६५ च्या यादीत आहे काय आणि ते कसे लिहिले आहे, हे आजच पाहावे. नावाच्या अक्षरांत फरक असेल तर तो दुरुस्त करून घेण्यास महिने लागतात. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्रातील नोंद आधीच करून ठेवावी. पंधरा वर्षांचा काळ सलग दाखविणारे कागद, म्हणजे शाळेचे दाखले, शिधापत्रिका, जमिनीचा वा घराचा उतारा, मतदार यादीतील नोंद, एका जाड पाकिटात घालून ठेवावेत. कन्नड दाखल्यांचे मराठी भाषांतर सोबत असावे. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन २००५ च्या नियमांनुसार लागते, तेही विसरू नये. राखीव जागेवर अर्ज करणाऱ्यांनी तर कर्नाटकातील जातीचा दाखला तेथे कितपत चालेल, हे जाहिरातीतील शब्द दोनदा वाचूनच ठरवावे. या बाबतीत ऐकीव माहितीने अनेकांचे नुकसान झाले आहे.

कचेरीत अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नये. कर्नाटकाने २०११ साली सेवाहमीचा कायदा केला असून त्याचे नाव 'सकाल', म्हणजे योग्य वेळी. (आमच्या कानास तो शब्द सकाळसारखा लागतो, आणि दाखला हाती येईतो पुष्कळदा संध्याकाळ झालेली असते.) या कायद्याखालील सेवांस मुदत ठरलेली आहे आणि विलंब झाल्यास दिवसास वीस रुपये, अधिकांत अधिक पाचशे रुपये भरपाई मागता येते. रक्कम क्षुल्लक आहे, पण पोचेवरील क्रमांक क्षुल्लक नाही. अर्ज कोणत्या दिवशी दिला, याचा तो पुरावा आहे.

कर्नाटक सरकारास आमचे सांगणे जुनेच आहे. १९५६ साली केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जे निवेदन संसदेपुढे ठेवले, त्यात राज्यभाषेचे ज्ञान ही नोकरभरतीची पूर्वअट असू नये, तिची परीक्षा निवडीनंतर, परिवीक्षाकाळ संपण्यापूर्वी घ्यावी, असे म्हटले होते. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने, जेथे एखादा भाषिक गट पंधरा ते वीस टक्के आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्याच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे मान्य केले. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी भाषक त्याहून कितीतरी अधिक आहेत. तेथील कचेरीच्या भिंतीवर दाखल्याची माहिती मराठीत लावण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

परंतु आमचा मोठा रोष आज महाराष्ट्रावर आहे, कारण रोष आपल्या माणसावरच करावयाचा असतो. ८६५ गावांस आपली म्हणावयाचे आणि त्या गावच्या मुलास कागदाच्या तारखेवरून परत पाठवावयाचे, हे कसे? विहित नमुना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापावा. दाखल्यासाठी मुदतीआधी अर्ज केल्याची पोच असेल, तर दाखला सादर करण्यास सीमाभागातील उमेदवारास पडताळणीनंतर काही आठवडे द्यावेत. नावाच्या रोमन अक्षरांतील फरक स्वयंघोषणेवर मान्य करावा. २०१५ साली अनेक कामांसाठीची प्रतिज्ञापत्रे बंद करून स्वयंघोषणा स्वीकारणाऱ्या शासनास हे अवघड नाही. या तिन्ही गोष्टी एका परिपत्रकाने होतात. सीमाभागाच्या नावाने मुंबईत होणाऱ्या भाषणांपैकी एक कमी झाले आणि हे परिपत्रक निघाले, तरी आमची तक्रार राहणार नाही.

तो खानापूरचा तरुण पुढल्या भरतीस बसणार आहे. वयोमर्यादेत त्याची दोन वर्षे उरली आहेत. सोमवारी तो नाडकचेरीत गेला, नमुना पुढे केला, आणि सायंकाळी पोच आम्हांस दाखवून गेला.