वाळूमाशीचा न्याय

बारामती-इंदापूरकडील पुष्कळ घरांस गोठा लागून असतो. नीरेच्या डाव्या कालव्याने या भागास ऊस दिला आणि उसाबरोबर ओलही दिली. डासांविषयी आपण सावध असतो. परंतु डासाहून कितीतरी लहान, पंख उभे धरून बसणारी आणि मुळीच आवाज न करणारी वाळूमाशी फार थोड्यांस ठाऊक असते. नाव वाळूचे असले तरी तिची पैदास ओलसर माती, शेण व पालापाचोळा यांत होते आणि दिवसा ती भिंतीच्या भेगांत लपते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात बीकानेरकडून आलेल्या एका मजुराचा मुलगा दाखल झाला. त्याच्या गालावर न दुखणारा, पण महिनोन्महिने न सुकणारा व्रण होता. दोन दिवसांत त्याच्या बाकावर कोणी बसेना. “हा महारोग आहे, मुलास काढून टाका,” असे एका पालकांनी आम्हांस सांगितले. डॉक्टरांनी व्रणाची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तीत लीशमानिया नावाचे परजीवी आढळले. राजस्थानात हा रोग जुना आहे. तो शेजारी बसल्याने होत नाही. वाळूमाशीच्या दंशाने होतो.

त्या दिवसापासून एक विचार आमच्या मनात घोळत आहे. माशीवर आरोप ठेवतानाही शास्त्रज्ञ केवढी काळजी घेतात! दंश करणारी ती केवळ मादी. तिला क्षारजलाच्या थेंबात ठेवून बारीक सुयांनी तिचे आतडे बाहेर काढतात आणि त्यात शेपटीसारखा तंतू हलवीत फिरणारे परजीवी शोधतात. शेकडो माशा तपासाव्यात, तेव्हा एखादीत ते सापडतात. आता अनेक माशा एकत्र घेऊन परजीवीच्या डीएनएचीही परीक्षा होते. परंतु एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. आदल्या रात्री रोगी प्राण्याचे रक्त प्यालेल्या निरपराध माशीच्या पोटातही परजीवी मिळतीलच. रक्त पचून गेल्यावरही ते तिच्या देहात जगले, वाढले आणि दंशावाटे दुसऱ्याच्या अंगी गेले, तरच ती दोषी. १९२१ साली अल्जीरियात सर्जां बंधूंनी माशा वाटून खरवडलेल्या त्वचेवर चोळल्या व व्रण उत्पन्न झाला. तथापि प्रत्यक्ष दंशानेच रोग होतो, हे अॅडलर व बेर यांनी १९४१ साली दाखविले. मध्ये वीस वर्षे गेली. आपण मात्र त्या मुलाचा निकाल दोन दिवसांत लावला.

आपल्या महाराष्ट्रालाही ही माशी परकी नाही. नागपूरजवळील चांदिपुरा गावी १९६५ साली जो विषाणू सापडला, तो वाळूमाश्यांतही आढळला. २००३ साली आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात त्याने कित्येक बालकांचे प्राण घेतले. तो रोग निराळा, पण वाहक त्याच कुळातील. म्हणून पालकांनी भिंतींच्या भेगा लिंपाव्यात, उकिरडा घरापासून दूर न्यावा, मुलांस बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवावे आणि तापाबरोबर झटके आल्यास एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच आहे: एखाद्याजवळ काही सापडले म्हणजे तो दोषी ठरत नाही. जो न्याय आपण माशीस देतो, तो बाकावरच्या सोबत्यास नाकारू नये.