माळ्यावरची मस्टरं



इचलकरंजीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून यंत्रमागाचा कारखाना आहे, पंचवीस-तीस माणसे कामाला. सासरे गेले, यजमान बाहेरची धावपळ बघतात आणि हजेरी, पगार, प्रॉव्हिडंट फंड हे सगळे दप्तर आता यांच्या गळ्यात पडले आहे. त्या लिहितात, "दिवाळीची साफसफाई काढली तर माळ्यावर सतरा गठ्ठे निघाले. मस्टर, पगारपत्रके, नोकरीचे अर्ज, कुणाकुणाचे डॉक्टरी दाखले. खालच्या दोन गठ्ठ्यांना वाळवी. हे म्हणतात सगळे रद्दीत घाल. दिवाणजी म्हणतात एक चिटोरेही हलवू नका. ताई, ऐकू तरी कोणाचे?"

बाई, दोघांचेही नको!

डाळीतल्या किडीच्या सदरात हे मस्टर कुठून आले, असे काहीजणींना वाटेल. पण आपल्यापैकी कितीजणींच्या घरी छापखाना, दवाखाना, दुकान किंवा क्लास आहे ते आठवून पाहा. गल्ल्यावर पुरुष बसतात आणि रात्री जेवणं आटोपल्यावर वह्या आपण लिहितो. मग त्या वह्या किती दिवस ठेवायच्या हेही आपल्यालाच कळायला हवे.

आधी कायद्याचे बघू. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात पगाराच्या नोंदवह्या शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे ठेवाव्यात असे सांगितले होते. दिवाणजी मंडळींना हा तीनाचा आकडा पाठ असतो. तो कायदा आता वेतन संहितेत सामावला गेला. चारही नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. थकलेल्या पगाराचा दावा कामगाराला तीन वर्षांपर्यंत करता येतो. म्हणजे तीन वर्षांच्या आतले काहीही फाडायचा विचारच नको. तसेच कुणाचा कोर्टात वाद चालू असेल, कुणाला कामावर अपघात झाला असेल, फंडाच्या कचेरीतून नोटीस आली असेल, तर त्या माणसाचा कागद कितीही जुना असो, निकाल लागेपर्यंत जागचा हलवू नये.

पण तीन वर्षे झाली म्हणून सगळे पेटवून द्यायचे का? पगाराचे भांडण तीन वर्षांत निघते हो, पेन्शनची वेळ मात्र पंचवीस-तीस वर्षांनी येते. आणि मागे राहिलेल्या बायकोची वेळ कधी येईल, ते तर कुणालाच सांगता येत नाही.

मुंबईच्या गिरण्यांचेच घ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली, जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. कामगारांना म्हाडाची घरे द्यायचे ठरले तेव्हा अट होती, की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असला पाहिजे. सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. पात्रता ठरवण्याची मोठी मोहीम २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाली, म्हणजे संपानंतर एकेचाळीस वर्षांनी! पुरावा काय, तर ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, फंडाचा नाही तर ई.एस.आय.चा क्रमांक. कितीतरी अर्जदार कामगारांच्या बायका आणि मुले. गिरणीच बंद, तर मस्टर दाखवणार कोण? ज्या घरात कुणीतरी शहाण्या बाईने ट्रंकेच्या तळाशी पगाराची पावती जपली, त्या घराचे काम सोपे झाले.

चालू कारखान्यांचीही तीच गत. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर जास्त पगारावरच्या पेन्शनसाठी लाखो अर्ज पडले आणि मालकांना जुन्या पगाराचे तपशील भरून द्यावे लागले. भल्याभल्या कंपन्यांची दमछाक झाली. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, ती शेवटी ३१ जानेवारी २०२५ पर्यंत गेली. दहा वर्षांची नोकरी आणि वयाची ५८ वर्षे भरली की पेन्शन, हे आपण ऐकलेले असते. सदस्य नोकरीत असताना गेला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळते, हे मात्र पुष्कळजणींना ठाऊक नसते.

आजारपणाचे तर आणखी लांब. ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा आजार कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले, की अशा कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून निदान चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर ठेवावी. तुमच्याकडे ॲस्बेस्टॉस नाही. पण नोंदीची गरज किती काळ टिकते त्याचा अंदाज यावरून यावा.

मग सतरा गठ्ठे जन्मभर सांभाळायचे? मुळीच नाही. प्रत्येक माणसामागे एक पान करा. एक जाड, शिवलेली वही घ्यायची, सुटे कागद नकोत. पानावर पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ती कोणत्या दाखल्यावरून लिहिली, कामावर लागल्याची तारीख, काम कोणते, फंडाचा आणि ई.एस.आय.चा क्रमांक, वारस म्हणून कुणाचे नाव दिले, सोडल्याची तारीख आणि कारण, शेवटचा पगार, ग्रॅच्युइटी किती व कधी दिली. ही वही कायमची. कारखाना विकला तरी विकू नये अशी वस्तू.

कांड्या भरणाऱ्या बायकांच्या पानांवर थोडे जास्त लक्ष द्या. मुलगी लग्नाआधी कामाला लागते, मस्टरवर माहेरचे नाव चढते. लग्न झाले की आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलतात. फंडात एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसऱ्याच तऱ्हेचे स्पेलिंग. वीस वर्षांनी ती पैसे काढायला जाते तेव्हा ही बाई तीच, हे सिद्ध करता करता बिचारीच्या चपला झिजतात. म्हणून पानावर दोन्ही नावे, लग्नाची तारीख आणि विवाह नोंदणीचा दाखला पाहिल्याची खूण लिहून ठेवावी. या एका ओळीला तुम्हाला दोन मिनिटे लागतील.

पगारपत्रकांना मी दहा वर्षांची मुदत धरीन. २०१४ पासून पेन्शनचा हिशेब शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी पगारावर होतो, आणि माणसे काम सोडल्यावर लगेच थोडीच फंडाच्या कचेरीत जातात? ज्यांच्या फंडाचा निकाल अजून लागलेला नाही, त्यांची पत्रके दहा वर्षांनंतरही राहू द्यावीत.

आता काय घालवायचे. ज्यांना कामावर घेतलेच नाही त्यांचे अर्ज, फोटो, पत्ते. जास्तीच्या आधारच्या झेरॉक्स. तापाचे, बाळंतपणाचे, कुणाच्या गुप्त दुखण्याचे जुने दाखले, ज्यांवर आता कसलाही हक्क अवलंबून नाही. कुणाची बायको कारखान्याच्या दारात येऊन रडली होती त्याचे अर्जविनंत्यांचे कागद. हे ठेवण्यात शहाणपण नाही, उलट जोखीम आहे. नवरा सोडून आलेल्या बाईचा नवा पत्ता भलत्या हाती पडला तर काय होईल, ते तुम्हीच समजा. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संगणकावरच्या माहितीबद्दल तेच सांगतो: काम संपले आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणे भाग नसेल, तर पुसून टाका. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पण दिवाणजींच्या मोबाइलमधले आधारचे फोटो पुसायला तेवढी वाट कशाला पाहायची?

यातले काहीही रद्दीवाल्याला देऊ नये. भेळेच्या पुड्यावर कुणाचा पगार वाचायची हौस मला नाही. बारीक फाडून रात्रभर पाण्यात भिजवावे आणि लगदा करावा. त्यात मेथीचे पीठ कालवले की सुपे-टोपल्या लिंपायला उत्तम, आजीच्या हातची आठवण येईल.

घालवण्याचीही नोंद ठेवतात बरं का! सरकारी दप्तरात कागदाला आधीच वर्ग दिलेला असतो: 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क-१' दहाचा, 'क' पाचाचा, 'ड' वर्षभराचा. तिथे परवानगीवाचून दप्तर नष्ट करणे हा गुन्हा आहे. खासगी कारखान्याला तो नियम नाही, पण वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायला काय हरकत? कोणते कागद, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे, कोणत्या तारखेला नष्ट केले आणि समोर कोण होते. उद्या कुणी विचारले तर 'सापडत नाही' म्हणण्यापेक्षा हे बरे दिसते.

आणि ज्यांचे यजमान दुसऱ्याकडे नोकरी करतात, किंवा ज्या स्वतः करतात, त्यांनी ऑफिसवर विसंबू नये. नेमणुकीचे पत्र, दरवर्षीची एकतरी पगारपावती, फंडाचा क्रमांक आणि नोकरी सोडल्याचे पत्र घरी हवे. शाळेत असाल तर सेवापुस्तक मागून बघावे. वारसाचे नाव लग्नाआधीचे, म्हणजे सासूबाईंचे, राहिले आहे का हे एकदा यजमानांना सहज विचारावे. सहजच, हं! जेवताना नको.

इचलकरंजीच्या भगिनींनी वाळवी लागलेले दोन गठ्ठे आधी उन्हात सोडावेत आणि त्यांतली नावे-तारखा पहिल्यांदा वहीत उतरवून घ्याव्यात. ठेवायचे गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, आत दमट होते. जुने कारकून बांधीत तसे सुती रुमालात बांधावेत, वर साल लिहावे, भिंतीपासून वीतभर दूर फळीवर ठेवावेत आणि मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. दर दिवाळीला तो बदलावा.

गव्हातल्या सोंड्यांबद्दल विचारणाऱ्या भगिनींना पुढील अंकी उत्तर देते.