अनुभव नाही, म्हणून अर्जच नाही?

संशोधनाचा अनुभव नसेल तर बायोटेक्नॉलॉजीच्या मास्टर्सला अर्ज करण्यात अर्थ नाही, असं बी.एस्सी.च्या मुलांना हल्ली सर्रास सांगितलं जातं. हे मत चुकीचं आहे. त्याची सर्वांत मोठी झळ तालुक्याच्या गावात शिकणाऱ्यांना बसते, म्हणून ते खोडून काढलंच पाहिजे.

आधी प्रवेशाची रीत पाहू. आयआयटी मुंबईच्या एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचा प्रवेश ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्यावर चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी २०२० पासून ‘गॅट-बी’ ही प्रवेश परीक्षा आहे आणि तिच्या पहिल्या भागात प्रश्न चक्क बारावीच्या पातळीचे असतात. यात अनुभवाचा रकाना कुठे आला? संशोधन शिकायचं ते एम.एस्सी.तच, प्रबंध त्यासाठीच असतो.

“परदेशात तसं नाही,” असं यावर म्हटलं जातं. पीएच.डी. किंवा निव्वळ संशोधनावर आधारलेली पदवी असेल तर हे मला मान्य आहे; तिथे अनुभवाला खरंच वजन असतं. पण जर्मनीतली सार्वजनिक विद्यापीठं बहुधा आधी झालेले विषय, त्यांचे क्रेडिट आणि गुण तपासतात. सगळ्या अभ्यासक्रमांना एकच नियम लावणं ही दिशाभूल आहे.

दुसरा मुद्दा असा मांडतात, की अनुभवावरून मुलाची कुवत कळते. खरं तर त्यावरून बऱ्याचदा फक्त त्याचा पत्ता कळतो. पुण्यातल्या मुलीला एनसीएल, एनसीसीएस, आयसर या संशोधन संस्था शहरातच आहेत. गडचिरोलीतल्या अहेरीच्या मुलीने उन्हाळाभर पुण्यात राहायचा खर्च कुठून करायचा? विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप उत्तम आहे, पण ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मग पैसे भरून पंधरा दिवसांत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांचा बाजार फोफावतो. त्या कागदाला संशोधन म्हणणं मला संतापजनक वाटतं.

मग अर्जात लिहायचं काय? जे हातांनी केलं तेच. उदाहरणार्थ, जीवाणू रंगवून ओळखण्याचं ग्राम स्टेनिंग जवळपास प्रत्येक कॉलेजात होतं. त्यात रंग धुणारं अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते ग्राम पॉझिटिव्ह जीवाणू गुलाबी दिसतात. कल्चर जुनं असेल तरीही असं घडतं, कारण पेशीभित्तिका कमकुवत झालेली असते. आपली स्लाइड यांपैकी कशामुळे बिघडली, हे जिने ताजं कल्चर घेऊन, वेळ मोजून, माहितीतल्या जीवाणूची स्लाइड शेजारी ठेवून शोधलं, तिने शंका, तुलना आणि पडताळणी तिन्ही केल्या. जर्नलमध्ये ‘योग्य’ उत्तर उतरवून मोकळ्या झालेल्यांनी यातलं काहीच केलेलं नसतं. अर्जासोबतच्या एसओपीत, म्हणजे उद्देशपत्रात, हा एक प्रसंग नीट उलगडून लिहावा. “मला लहानपणापासून विज्ञानाची आवड” ही ओळ खुशाल गाळावी.

शिफारसपत्रही ती स्लाइड पाहिलेल्या, प्रॅक्टिकल घेणाऱ्या बाईंकडूनच घ्यावं. शहरातल्या बड्या नावाने न ओळखता दिलेल्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा ते मोलाचं; ही मुलगी प्रॅक्टिकल संपल्यावर कशासाठी थांबली, हे बाईंनाच सांगता येईल.