तसबिरींचं लग्न

सिंहस्थाच्या वर्षी, 2016 साली, 5 मेला दुपारी उज्जैनवर वादळ आलं. मेळ्यातले मंडप कोसळले, काही भाविक दगावले आणि आमच्या गल्लीतली वीज गेली ती मध्यरात्रीपर्यंत आली नाही. घरात पाहुणे होते. 9 मेच्या शाही स्नानासाठी पुण्याहून मावशी आली होती, सोबत माझी मावसबहीण. ती निघायच्या आधी ‘सैराट’ बघून आली होती. 29 एप्रिलला लागलेला सिनेमा तिनं चार दिवसांत दोनदा पाहिला होता. माझ्यापर्यंत फक्त गाणी पोचली होती, तीही तिच्या फोनवरून. त्या रात्री फोनची बॅटरी संपली, तेव्हा तिनं अख्खा सिनेमा तोंडी सांगायला घेतला.

मधल्या खोलीत चार्जिंगचा एक दिवा मिणमिणत होता. आजी त्याच्या उजेडात परात घेऊन उद्याचे तांदूळ निवडत होती. आजोबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. ते झोपलेत असं आम्ही धरून चाललो होतो.

मी तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. आर्ची झालेली रिंकू राजगुरू साधारण माझ्याच वयाची. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आवडलेल्या मुलाकडे मान वर करून बघते, आणि हे सगळं मराठीत करते. हे शेवटचं मला सगळ्यात नवं होतं. उज्जैनच्या मराठी घरात वाढलेल्या मुलीला मराठी म्हणजे शुभंकरोती, वरणभात, ‘अभ्यास झाला का’. उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. त्यामुळे प्रेमही हिंदीतच व्हायचं. मनातल्या मनात कुणाशी बोलायचं तर हिंदीत, वहीच्या मागच्या पानावर लिहायचं तर हिंदीत. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मी एकदा आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. व्याकरणाच्या तासाला वाक्य चालवून दाखवावं, तसं वाटलं.

माळव्यातल्या मराठी घरांना हे दुभंगलेपण जुनंच आहे. उज्जैनमध्ये वाढलेल्या मुक्तिबोध भावांपैकी गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच आईची दोन मुलं, दोन भाषांत. गजानन माधवांनी 1939 मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून प्रेमविवाह केला. त्या घरात तेव्हा काय काय बोललं गेलं असेल आणि कुठल्या भाषेत, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

तर, सैराट. बहीण शेवटाला आली. पळून गेलेली ती दोघं हैदराबादेत संसार करताहेत. मूल झालंय. आर्ची आईला फोन करते. मग एक दिवस तिचा भाऊ माणसं घेऊन दारात येतो, आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन. आर्ची त्यांच्यासाठी चहा टाकते. पुढचं बहिणीनं हळू आवाजात सांगितलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळानं आजीनं विचारलं, “आणि लेकरू?”

“लेकरू राहतं,” बहीण म्हणाली. “ते शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं.”

आजोबा जागेच होते. तेव्हा ते खुर्चीतून उठून बसले आणि म्हणाले, “आपल्या गावची गोष्ट सांगतो.”

आजोबा आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवत होते. वासवदत्तेची गोष्ट मी त्यांच्याकडून आधीही ऐकली होती, पण त्या अंधारात ती वेगळी लागली. उज्जयिनीचा राजा प्रद्योत महासेन. त्यानं वत्सदेशाच्या उदयनाला खोट्या हत्तीच्या सापळ्यात पकडून इथे आणलं. उदयन वीणा अशी वाजवायचा की रानटी हत्ती वश व्हायचे. राजानं त्याला आपल्या मुलीचा वीणेचा गुरू केलं. पुढे व्हायचं ते झालं, आणि एक दिवस दोघं भद्रवती हत्तिणीवर बसून कौशांबीला पळून गेले.

कालिदासाच्या मेघदूतात यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला सांगतो, तेव्हा अवंतीतल्या खेड्यांमधल्या म्हाताऱ्यांची ओळख करून देतो ती हीच, की त्यांना उदयनाची कथा तोंडपाठ आहे. मला याचं फार नवल वाटतं. आपल्याच राजाची मुलगी कैद्याबरोबर पळून गेली, ही गोष्ट त्या गावचे वडीलधारे लोक पारावर बसून अभिमानानं सांगायचे. आमचे आजोबा त्याच म्हाताऱ्यांच्या रांगेतले.

“आणि घरच्यांनी काय केलं?” बहिणीनं विचारलं. सैराटमधून ती अजून बाहेर आली नव्हती.

“आईनं खूप आकांत केला. अंगारवती नाव तिचं. मग राजा-राणीनं एका फळीवर दोघांची चित्रं काढवून घेतली आणि त्या चित्रांचं लग्न लावलं. मुलगी जावयाला विधिवत दिली. सगळं रीतसर.”

आजीचे हात परातीत थांबले. ती आजोबांकडे न बघता म्हणाली, “अहो, मग आपण का नाही लावलं?”

तो प्रश्न आत्याचा होता, हे त्या खोलीतल्या मोठ्यांना ताबडतोब कळलं. मला कळायला दोन दिवस गेले. आईला खोदून खोदून विचारलं, तेव्हा.

माझी आत्या 1989 मध्ये घरातून गेली. त्याच्या आदल्या वर्षी ‘कयामत से कयामत तक’ आला होता. तोही 29 एप्रिललाच लागलेला, सैराटच्या बरोबर 28 वर्षं आधी. आत्यानं तो मैत्रिणींबरोबर तीनदा पाहिला असं आई सांगते. त्यातही दोघं पळतात आणि दोघंही मरतात. तरीही त्या काळातल्या मुलींनी तो पुनःपुन्हा पाहिला, याचा अर्थ त्यांना मरण आवडत होतं असा मी लावत नाही. एकांतात, डोंगरात, मोडक्या घरात दोघांनी चूल मांडलेली त्यांना बघायची होती. तेवढा भाग त्या घरी घेऊन यायच्या.

सात वर्षांनी ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला आणि त्यातला नायक पळून जायला नकार देतो. वडिलांनी हातानं दिली तरच नेईन, म्हणतो. आमच्या घरातल्या मोठ्यांना तो सिनेमा फार आवडला. मला तो लहानपणी आवडायचा, आता आवडत नाही. सिमरनची आई तिला स्वतःचे दागिने देऊन निघून जा म्हणते, आणि तो मुलगा आईचं ऐकत नाही, कारण होकार वडिलांचा हवा. मला त्या आईची बाजू बरोबर वाटते.

आत्याचा नवरा देवासचा, माळवी बोलणारा, वेगळ्या जातीतला. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली त्यांनी देवासला नोटीस दिली. ही नोटीस कचेरीच्या फलकावर लागते आणि 30 दिवस थांबावं लागतं. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलीला ते 30 दिवस कसे जात असतील, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला असेल असं मला वाटत नाही. देवास इथून तासाभराच्या वाटेवर. कुणीतरी ती नोटीस वाचली आणि आजोबांना येऊन सांगितलं. आजोबांनी हरकत घेतली नाही, गेलेही नाहीत. आणि घरात कुणालाच सांगितलं नाही, आजीलासुद्धा. तिसाव्या दिवसानंतर आत्या सकाळी साधीच साडी नेसून निघाली. आजी ओट्यापाशी होती. आत्या म्हणाली, “येते.”

आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. आजीनं पुढची 27 वर्षं तो एक शब्द धरून ठेवला. “ती मला ‘येते’ म्हणून गेलीय,” असं ती आईला म्हणायची. आजोबांसमोर नाही.

सिंहस्थ संपला, पाहुणे गेले. जूनमध्ये एका सकाळी आजोबा एकटेच बसनं कुठेतरी गेले आणि संध्याकाळी परत आले. पाय धुतले, चहा घेतला आणि आजीला म्हणाले, “तिच्या अंगणात तुळस चांगली आलीय.” त्या दिवाळीला आत्या घरी आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तिचं नाक अगदी आजीचं.

आजोबा 2019 मध्ये गेले. त्यानंतर एम.ए.च्या अभ्यासाला मी ‘स्वप्नवासवदत्त’ मुळातून वाचलं. भासाचं हे नाटक कित्येक शतकं फक्त नावानं माहीत होतं. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्रींना हस्तलिखितं सापडली आणि 1912 मध्ये ते छापलं गेलं. कालिदासानं ज्याचं नाव आदरानं घेतलं, त्या नाटककाराची नाटकं आपल्या पणजोबांच्या पिढीपर्यंत कुणाला वाचायलाच मिळाली नव्हती.

ते नाटक पळून जाण्याचं नाहीच, पळून गेल्यानंतरचं आहे. राज्य वाचवायचं म्हणून मंत्री वासवदत्ता आगीत मेली अशी आवई उठवतो आणि तिला वेषांतर करून मगधाच्या राजकन्येकडे ठेवतो. त्याच राजकन्येशी उदयनाचं दुसरं लग्न ठरतं आणि लग्नाची माळ गुंफायला वासवदत्तेलाच बसवतात. माळेत दोन औषधी वनस्पती ओवायच्या असतात, एक सौभाग्य टिकवणारी, दुसरी सवतीला मारणारी. पहिली ती भरपूर ओवते. दुसरी बाजूला ठेवते. ती बायको मेलेलीच आहे, मग ही कशाला, म्हणते. पुढे एका रात्री उदयन झोपेत तिचं नाव घेतो. ती जवळच असते. त्याचा हात पलंगाखाली लोंबतोय. ती तो हात उचलून वर ठेवते आणि निघून जाते.

सोळाव्या वर्षी मला हत्तीण आणि बुलेट यांपलीकडे काही दिसत नव्हतं. हा लोंबणारा हात तेव्हा वाचला असता तर मी पान उलटलं असतं. आणि शेवटच्या अंकात ती तसबिरीची फळी पुन्हा येते. अंगारवतीनं ती दाईच्या हाती जावयाकडे पाठवलेली असते. त्या चित्रामुळेच वासवदत्तेची ओळख पटते. मुलीच्या आईनं पाठवलेली वस्तू दारात येते आणि मेलेली म्हणून गणलेली मुलगी जिवंत होते. आजोबांनी त्या रात्री गोष्ट इथपर्यंत आणली नव्हती, आजीनं मध्येच प्रश्न विचारला म्हणून. मी वाचताना वहीत शेजारी शेजारी लिहिलं, अंगारवती आणि आर्चीची आई. दोघींनीही माहेरून काहीतरी पाठवलं. कुणाच्या हाती पाठवलं, एवढाच फरक. मग ती वही मी कितीतरी वेळ मिटली नाही.

रामघाटावर संध्याकाळी आरतीच्या वेळी आता जोड्या रील काढत असतात. क्षिप्रेत दिवे, मागे गाणं, पंधरा सेकंदांत सगळं. मोठे लोक नाकं मुरडतात. मला त्या मुली बघायला आवडतात. ओढणी सावरत त्या दहादा तेच करून बघतात, मनासारखं येईपर्यंत. फक्त आता माझं लक्ष त्यांच्या घरांकडे जातं. ही रील हिच्या आईला दिसली तर ती काय करेल?

मलाही कुणीतरी आहे. फ्रीगंजमध्ये पोहे खाताना ओळख झाली. तो हिंदी बोलतो, आणि त्यानं मराठीतला एकच शब्द कुणी न शिकवता उचलला. फोन ठेवताना मी आईला ‘येते’ म्हणते ते ऐकून तो मला ‘येतो’ म्हणायला लागला. चुकीच्या जागी म्हणतो, फोनवर कोण येणार-जाणार! मी दुरुस्त केलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा एक रात्र गप्प होते. सकाळी म्हणाले, “साक्षीदार तीन लागतात ना? एक मी.” दुसरी आत्या. तिसरं कोण यावर अजून खल चालू आहे, कारण 82 वर्षांची आजी म्हणते, ती कचेरीचा जिना चढेल.

अर्ज कसा भरायचा ते दाखवायला आत्या गेल्या रविवारी तिची जुनी फाइल घेऊन आली. 1989 च्या अर्जाची प्रत, पिवळी पडलेली. त्यावर पासपोर्ट आकाराचे दोन फोटो चिकटवलेले, एकाला एक लागून. आत्याच्या लग्नाचा दुसरा फोटोच नाही. आजीनं तो कागद मागून घेतला. चष्मा लावला. खिडकीपाशी नेऊन खूप वेळ बघितला, आणि अंगठ्यानं आत्याच्या फोटोवरची धूळ पुसली.

“मान जरा वाकडी आलीय तुझी,” आजी म्हणाली. “स्टुडिओवाल्यानं सांगायला नको होतं का?”