जेवणाच्या टेबलावरील मृत्युवार्ता

१९६७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बीटल्सच्या गाण्यास बाजूस सारून एक अनपेक्षित गाणे अग्रस्थानी आले आणि चार आठवडे तेथेच राहिले. ‘ओड टू बिली जो’ हे ते गाणे. मिसिसिपी राज्याच्या ग्रामीण भागात बालपण गेलेल्या बॉबी जेंट्री या तरुणीने ते स्वतः लिहिले व स्वतःच गायिले. त्यात नाचावयास लावणारा ताल नाही, प्रेमाच्या आणाभाका नाहीत. तरीही अर्धशतक उलटून गेल्यावर ते आवडीने ऐकले जाते. याचे कारण काय असावे?

कथा साधी आहे. जून महिन्यातील दुपार. कापसाच्या शेतातून घरी आलेली मुलगी कुटुंबासह जेवावयास बसते. बिली जो या ओळखीच्या मुलाने टॅलहॅची नदीच्या पुलावरून उडी टाकल्याची वार्ता आई सांगते. चवळीचे भांडे पुढे सरकवीत वडील म्हणतात, त्याला अक्कल कधी नव्हतीच. आणि लगेच उरलेल्या पाच एकर नांगरणीचा विषय काढतात. भाऊ एक जुनी खोडी आठवतो व सफरचंदाच्या पायचा आणखी एक तुकडा मागतो. मुलगी काहीच खात नाही, एवढे आईच्या लक्षात येते. का खात नाही, हे मात्र नाही. मग आईच सहज सांगते की, लेकीसारखी दिसणारी एक मुलगी आणि बिली जो पुलावरून काहीतरी खाली टाकताना धर्मोपदेशकांनी पाहिले होते.

ते ‘काहीतरी’ काय होते, याचा शोध लोक तेव्हापासून घेत आहेत. १९७६ साली या गाण्यावर चित्रपट निघाला आणि मुलाच्या मृत्यूचे कारणही त्यात सांगितले गेले. गाण्याचे आकर्षण केवळ रहस्यात असते, तर ते तेथेच संपावयास हवे होते. तसे झाले नाही. खुद्द जेंट्रीनेही आपला विषय रहस्य नसून माणसांचा नकळत घडणारा निर्दयपणा आहे, असे सांगितले होते. तिचे म्हणणे मान्य करावयास हवे. त्या टेबलाभोवती दुष्ट कोणीच नाही. सारी कष्टाळू, सरळ माणसे आहेत. पण शेजारी बसलेल्या मुलीचे जग उद्ध्वस्त झाले आहे, हे त्यांपैकी एकासही उमगत नाही. वर्षभराने वडील साथीच्या आजारात जातात, आई खचते, लेक पुलावरून फुले सोडीत राहते. दोघी दुःखी, पण एकीचे दुःख दुसरीपर्यंत पोहोचत नाही.

ज्या पुलावर जेंट्रीचे छायाचित्र घेतले गेले होते, तो मनी गावाजवळचा पूल १९७२ साली कोसळला. गाणे टिकले, कारण ते जेवणाचे टेबल घरोघरी आहे. आपणही सकाळी चहाच्या दोन घोटांमध्ये कोणा विद्यार्थ्याच्या, कोणा शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी वाचतो, हळहळतो, पान उलटतो. त्याच वेळी समोरचे कोणी न जेवता उठले, तर त्यास कारण विचारण्याइतके आपले लक्ष असते काय? बिली जोने उडी का टाकली, यापेक्षा हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.